बक्षीबाबूंची लेखी चूक

रस्त्यात विजेचा लाकडी खांब दिसला की बक्षीबाबू सायकलवरून उतरत, खांबाला नख लावत, बोट हुंगत आणि मगच पुढे जात. आमच्या राइट टाउन मोहल्ल्यात लोक त्यांना हसायचे. मीही हसले होते. नोकरीला लागल्यावर कळलं की हा माणूस लाकडाला वाळवी लागू नये म्हणून खरंच तेल पाजलंय की नुसतं वरून फासलंय, ते बघतो.

सिव्हिल लाइन्समध्ये आमची कचेरी होती. कंपनी बाहेरदेशातून खांब मागवायची. बक्षीबाबू तिथे कारकून, मी टायपिस्ट. बंदरावर जाणाऱ्या कागदात मालाचं वर्णन लिहिणं हे त्यांचं काम. सोललेलं, तेल पाजलेलं लाकूड असेल तर ते कच्चं लाकूड, त्यावर जकात कमी. त्यालाच खाचा किंवा भोकं पाडली की तो तयार माल, जकात जास्त. एवढ्याशा फरकासाठी बक्षीबाबू परदेशी कारखान्याचा नकाशा भिंग लावून वाचत बसायचे. मी वैतागून म्हणायची, "बाबूजी, लिहून टाका ना काहीतरी. कोण बघतंय?"

"माल बघून राहिला ना, बेटा," ते म्हणायचे. "मालाचं नाव मालाला विचारावं. मालकाला काहून विचारायचं?"

ते पासष्टच्या लढाईचे दिवस. गावातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत पाळीवर पाळी चालायची आणि सुटलेली माणसं झोपेत चालल्यासारखी घरी जायची. कामगारांसाठी नवीन क्वार्टर्स झाले होते, पण तिथवर वीज न्यायला खांब नव्हते. विजेवाचून पंप बंद, पाणी लांबच्या विहिरीवरून. बक्षीबाबूंची मुलगी सुमन तिथेच राहायची. तिला सातवा महिना लागला होता.

त्यासाठी मागवलेले खांब बंदरात उतरले. कागदावर बक्षीबाबूंनी लिहिलं होतं, माथ्याशी बोल्टसाठी दोन भोकं. जकातवाले म्हणाले, तयार मालाची जकात भरा. कंपनीचे मालक शेठजी भरेनात, माल सुटेना. शेठजी टेबलाशी येऊन ओरडले, "दो छेद के पीछे पूरा माल अटका दिया, बक्षीजी! लिखकर दे दो कि गलती से लिख गया।"

"छेद तो हैं, सेठजी।"

तीन आठवडे ते एवढंच म्हणत राहिले. हळूहळू आम्हालाही त्यांचाच राग यायला लागला. खरं तर शेठजींचा यायला हवा होता, पण तेवढी आमची प्राज्ञा नव्हती.

एका रविवारी ते सुमनकडे गेले. ती दोन बादल्या घेऊन विहिरीवरून येत होती, मध्येच टेकत होती. शेजारीण त्यांना म्हणाली, "बाबूजी, आपके खंभे कब आएँगे?" सोमवारी ते दाढी न करताच आले आणि माझ्या शेजारी बसले.

"लिही बेटा. भोकं नाहीत. माझ्या हातून चुकीनं लिहिल्या गेलं."

मी भराभर टाईप केलं. मलाही ते प्रकरण संपायला हवं होतं. कागद मशीनमधून ओढून मी म्हटलं, "चलो, सुटलो एकदाचे!"

"तुम्ही सुटले," ते म्हणाले आणि सही केली.

बंदरावर लढाईच्या मालाची इतकी गर्दी होती की वाकून खांब बघायला कोणालाच वेळ नव्हता. खांब आले. लाइनमननी त्याच दोन भोकांत बोल्ट घातले, पंप सुरू झाला, सुमन सुखरूप बाळंत झाली. बक्षीबाबूंनी मात्र वर्णन लिहिणं कायमचं सोडलं. स्वतःहून आवक-जावकच्या टेबलावर गेले आणि निवृत्तीपर्यंत पाकिटांवर तिकिटं लावत बसले. मला त्यांची फार दया यायची, आणि त्यांच्या टेबलाकडे बघवायचं नाही.

ते गेले तेव्हा कचेरीत शोकसभा झाली. शेठजी फोटोला हार घालून म्हणाले, "पूरी नौकरी में बक्षीजी से बस एक गलती हुई, और वो भी उन्होंने खुद लिखकर मानी। ऐसे ईमानदार आदमी थे।"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुमन माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, काय चूक झाली होती हो बाबांची?"

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "काही नाही गं. लिहिण्यातली होती."