वरच्या खोलीतली ओल

पहिले दोन मिस्त्री आले आणि गेले, तेव्हा अंजनाबाईंना भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती तिसऱ्याची. तो भिंत चाखून बघायचा.

त्यांचं घर पलूस तालुक्यात, कृष्णेपासून पाऊण किलोमीटरवर. २०१९च्या महापुरात खालच्या मजल्यावर पंख्याच्या पात्यांपर्यंत पाणी चढलं होतं. ते ओसरलं, गाळ उपसला, गिलावा पाडून नवा केला. खालच्या भिंती आज ठणठणीत कोरड्या आहेत. ओल आहे ती वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या खोलीत, जिथे पुराचा थेंबही पोचला नव्हता. खिडकीखाली, फरशीपासून गुडघाभर उंच. आषाढ लागला की तिथली भिंत काळवंडते आणि हात लावला तर तळवा चिकट होतो. माघात ती वाळते आणि पीठ सांडावं तसा पांढरा भुगा खाली जमतो.

पहिल्यांदा सांगलीची एक कंपनी आली. त्यांच्या इंजिनिअरने भिंतीला यंत्र लावलं, यंत्र वाजलं आणि दोष गच्चीचा निघाला. गच्चीवर पांढरा थर चढला, दहा वर्षांच्या हमीचं कार्ड मिळालं. पुढच्या आषाढात ओल जागच्या जागी. फोन केला तर तिकडून उत्तर आलं, “मावशी, हमी गच्चीची आहे. गच्ची गळतेय का? नाही ना?” दुसरा इस्लामपूरचा. त्याने भिंतीत अकरा भोकं पाडून रसायन भरलं. त्या वर्षी ओल भोकांच्या वरच्या अंगाला आली.

दोघांनाही अंजनाबाईंनी चहा दिला आणि काही सांगितलं नाही. ओल कुठून येते हे त्यांना ठाऊक होतं. भिंत वाळावी आणि ती का ओलावते हे कोणी विचारू नये, एवढंच त्यांना हवं होतं. कोणी म्हणजे मुलाने.

मुलगा ऋषिराज फौजेत हवालदार. पुढच्या वर्षी तो निवृत्त होऊन बायकोमुलांसह याच खोलीत राहायला येणार होता. यंदा जानेवारीत तो दोन महिन्यांची रजा काढून एकटाच आला, ते भिंतीसाठीच.

“आता मुळापासनं काढायचं,” तो म्हणाला. “भिंत उकरायला लागली तरी चालंल.”

“रंग मारून टाक की. कोण बघतंय?” अंजनाबाई म्हणाल्या.

“मी बघणार हाय न्हवं? रोज.”

त्याचे वडील ज्योतिबा वडूजकडचे, मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी हंडाभर पाण्यासाठी कोसभर चाललेला माणूस. साखर कारखान्यात नोकरी लागली तेव्हा कडेगावला माळावर स्वस्तात जागा मिळत होती. ती सोडून त्यांनी नदीकडची घेतली. सकाळी उठल्यावर पाणी दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. वरच्या खोलीची पूर्वेची खिडकी त्यासाठीच ठेवलेली. नोकरी करूनही वीस-बावीस मेंढरं त्यांनी सोडली नाहीत.

पुराची दवंडी झाली तेव्हा मेंढरं ज्योतिबांच्या भावाबरोबर माळाला गेली. ज्योतिबा आणि अंजनाबाई मागे राहिले. धान्य, गॅसची टाकी, चूल असं एकेक वर नेलं. मेंढरांना चारायच्या मिठाची दोन पोतीही ज्योतिबांनी पाठीवरून वर नेली. पाण्यात मीठ विरघळून जाईल, म्हणाले. दुसरं पोतं टेकवलं आणि तिथेच खिडकीखाली बसले ते उठले नाहीत. श्रावणातली षष्ठी होती ती, सकाळची वेळ. खाली जिन्याची सहावी पायरी बुडत होती.

दुपारी होडी आली. होडीत आधीच चौदा माणसं. पलीकडच्या गल्लीतल्या एका घराला होडीवाल्याने सांगितलेलं अंजनाबाईंनी ऐकलं होतं : जित्तं माणूस आधी, मढ्याला जागा न्हाई. त्या खिडकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मालक आजारी हायत. आत्ताच डोळा लागलाय. उद्या या.” होडी वळली. ज्योतिबा त्यांच्या पायाशी होते.

संध्याकाळी ऋषिराजचा फोन लागला, लेहवरून. आवाज तुटत होता. “बाबा?” त्याने विचारलं. “झोपल्यात,” अंजनाबाई म्हणाल्या. “उठवू नको,” तो म्हणाला आणि फोन गेला. फोन पुन्हा लागला नाही.

उकाडा होता, पाऊस होता, हवा दमट. मेंढरू मेलं की कातडं टिकवायला त्याला मीठ चोळतात, हे त्या जन्मापासून बघत आल्या होत्या. त्यांनी पहिलं पोतं उसवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. अष्टमीला मोठी होडी आली तेव्हा त्यांनी ज्योतिबांना धोतरात गुंडाळून ठेवलं होतं, खोली झाडून काढली होती. डॉक्टरने विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, आज पहाटे. तीच तारीख दाखल्यावर चढली. ऋषिराज पाच दिवसांनी पोचला. ती तारीख तेव्हापासून तशीच राहिली. दर वर्षी अष्टमीला पान वाढलं जाई, आणि पान वाढताना अंजनाबाई भिंतीकडे बघत नसत.

तिसरा मिस्त्री हरिबा. मोटारसायकलला पिशवी अडकवून आला, साठीच्या आसपासचा, वडूजच्या अलीकडच्या एका वाडीचा. ऋषिराजला तो एका माजी सैनिकाने सुचवला होता. यंत्र नव्हतं. बोटाच्या पेराने त्याने भिंत ठोकत नेली आणि जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने रेघ मारली. मग पांढरा भुगा बोटावर घेऊन जिभेला लावला.

“हे काय, हरिबा?” ऋषिराज हसला. “चटणी-बिटणी देऊ का संगं?”

“भाकरी पन आना,” हरिबा म्हणाला. खिडकीतून थुंकला, चूळ भरली, पुन्हा चाखलं. “सिमिटाचा खार जिभंला तुरट लागतो, हवालदार. ह्यो तसला न्हाई. हे खायचं मीठ हाय. मीठ हवंतलं पानी वढतं. वरनं काय बी फासा, आत मीठ हाय तवर ह्यी भिंत रडनारच.” तो अंजनाबाईंकडे वळला. “आक्का, मेंढरं हुती व्हय?”

“हुती.”

“तरीच. पोती ठेवली असतील हितं.”

“व्हय,” अंजनाबाई म्हणाल्या. “दोन पोती.”

खोटं नव्हतं. ऋषिराजने मान डोलावली. पाच वर्षांचं कोडं सुटल्यासारखा तो खाली चहा सांगायला गेला. अंजनाबाईंना वाटलं, सुटले.

हरिबाने मात्र खडू खाली ठेवला नव्हता. तो आवाजाच्या मागे चालला होता. रेघ खिडकीच्या एका टोकाला सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाच्याही पुढे गेली. मग तो फरशी ठोकायला बसला. फरशीवरही रेघ भिंतीला समांतर निघाली, दोन हात अंतरावरून. मधे कुठे तुटली नाही. हरिबा उठला, रेघेकडे बघत राहिला आणि डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

“आक्का,” तो हळू म्हणाला, “म्या कातडी खारवल्यात ल्हानपनी. उद्याच्याला फरशी उचलनार हाय मी. पोराला त्या वक्ती भायेर धाडा. सांगलीला साहित्य आनायला म्हना.”



दुसऱ्या दिवशी सकाळी साहित्याची यादी ऋषिराजच्या हातात होती, गाडीची किल्लीही. हरिबा पहार घेऊन जिन्यात थांबला होता. अंजनाबाईंनी चपात्या बांधून द्यायच्या, तो निघायचा, की झालं. त्यांनी चपात्या बांधल्या. मग फडक्याची गाठ सोडली आणि म्हणाल्या, “वर चल.”

“आता? वाट बघत्यात दुकानदार.”

“बघू देत. वर चल रं.”

हरिबाने चार फरशा उचलल्या. खालची रेती गठ्ठ बसली होती, करडी, ओली, मधे पांढऱ्या रेषा. त्याने आणखी चार उचलल्या. पोत्याचा डाग चौकोनी पडतो. हा लांबट होता, एका टोकाला अरुंद. ऋषिराज त्याच्याकडे बघत राहिला. त्याने असे आकार पाहिलेले होते, बर्फात.

“आई, पोती आडवी ठिवली हुती?”

“पोती न्हवती,” अंजनाबाई म्हणाल्या. “षष्ठीला गेल्यात ते. अष्टमीला न्हाई.”

खोलीत हरिबाच्या पहारेचा आवाज थांबला. ऋषिराजने बोटांच्या पेरांवर दिवस मोजले.

“मी फोन केला तवा?”

“हितंच हुते.”

“तू म्हनालीस झोपल्यात.”

“तू म्हनलास, उठवू नको.”

तो खाली गेला आणि तासभर परत आला नाही. आला तेव्हा हातात कारखान्याची रिकामी पोती होती, साखरेची. “हरिबा, ह्यो राडारोडा नाल्यात टाकायचा न्हाई,” एवढंच म्हणाला आणि स्वतः फावडं घेतलं. नऊ पोती भरली. टेम्पो वडूजला नेला. ज्योतिबांच्या भावाने बांधावर विचारलं, काय आणलंस रं? मीठ, तो म्हणाला. घराण्यातली माणसं जिथे पुरली आहेत, तिथे खड्डा घेऊन पोती रिकामी केली.

उघड्या विटांवर हरिबाने दीड महिना चिकणमातीचे लेप लावले. लेप वाळला की मीठ ओढून घेई, मग तो खरवडायचा, नवा लावायचा. प्रत्येक वेळी तो जिभेला लावून बघे. सातव्या लेपाला म्हणाला, गोडं हाय. मग चुन्याचा गिलावा केला आणि हमीचं कार्ड मागू नका म्हणाला.

यंदा पान षष्ठीला वाढलं गेलं. ऋषिराज रजेवर नव्हता. त्याने लेहवरून फोन केला आणि वडिलांबद्दल काही विचारलं नाही. आषाढ गेला, श्रावण आला, भिंत कोरडी राहिली. षष्ठीच्या दुपारी अंजनाबाई गोधडी घेऊन वर गेल्या आणि खिडकीखाली बसल्या. शेजारची मनुबाई अष्टमीला सकाळी डबा घेऊन आली, तेव्हा त्या तिथेच होत्या. तळहात भिंतीला लावलेला.

“ओल आली का काय परत?” मनुबाईने विचारलं.

“न्हाई,” अंजनाबाई म्हणाल्या आणि हात तसाच ठेवला. “आज बी न्हाई आली.”