द्वारकेतल्या हळदीकुंकवाला आलेल्या बाई

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते, पण चहाबरोबर तोंडी लावायला. सरकारी कचेरीत जन्म गेला माझा... कागद दिसल्याशिवाय विश्वास ठेवायची सवय नाही. तरी हे लिहितेय, कारण याचे कागद माझ्याकडे आहेत.

मेट्रो यायच्या आधीची, दिल्लीतली द्वारका. सोसायटी नवी, समोर मोकळं माळरान, मराठी घरं जेमतेम सहा. भाजीवाल्यापाशी कुणी मराठी बोलताना दिसलं की आम्ही तिथेच घरचा पत्ता देऊन मोकळ्या. फार गोड दिवस होते ते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण कुणाबरोबर आलंय, हे कुणी विचारायचंच नाही.

अशाच एका संक्रांतीच्या दुपारी माझ्या घरी एक साठीच्या बाई आल्या. मी कुंकू लावायला वाकले, तर त्यांनी माझ्या डाव्या बरगड्यांखाली तळहात ठेवला.

"दुसऱ्याचा विचार चाललाय ना? आधी इथलं दाखवून घे."

मी भडकले. दुसरं मूल हवंय हे फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि इथे दहा बायकांचे कान टवकारलेले. तिळगूळ हातावर टेकवला आणि पुढच्या बाईकडे वळले.

"अगं, असेल कुणाची तरी सासू. छोड़ो यार," नवरा म्हणाला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाळाच्या आधी म्हणून नेहमीची सोनोग्राफी सांगितली. टेबलावर पडल्या पडल्या मी डावी बाजू दाखवली.

"यहाँ दर्द है?"

"नहीं. बस देख लीजिए."

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी तिथेच पुन्हा पुन्हा यंत्र फिरवलं. मग सीटी अँजिओग्राफी. प्लीहेला रक्त नेणाऱ्या धमनीला जांभळाएवढा फुगा आला होता.

"प्रेग्नन्सी में फट जाता तो माँ-बच्चा दोनों को बचाना मुश्किल था," मोठे डॉक्टर म्हणाले. "इसमें अक्सर कोई तकलीफ़ नहीं होती. आपको भेजा किसने?"

"एक आंटी थीं."

"डॉक्टर हैं?"

"पता नहीं," मी म्हणाले.

मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेली, प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो फुगा बंद केला. पोट उघडावं लागलं नाही. घरी आल्यावर एकेकीला फोन लावले. कुलकर्णी वहिनींना वाटलं, त्या शिंदे वहिनींबरोबर आल्या. कँटोन्मेंटमधून आलेल्या शिंदे वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्याच सासरच्या. तुम्हाला अगं-तुगं करत होत्या ना." अख्ख्या द्वारकेत त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर धाकटी झाली. आता गुरुग्रामला नोकरी करते. "आई, कोइन्सिडन्स असेल," म्हणते. असेलही. मला अजून उलगडा झालेला नाही. पण ती दारातून आत आली की त्या बाई आठवतात, आणि जीव तुटतो. त्यांना मी साधं 'बसा' म्हटलं नव्हतं.