दोन तोंडांच्या कोकराची बरणी

काही प्रकरणं कागदोपत्री संपली तरी डोक्यातून जात नाहीत. बरणीचं प्रकरण त्यातलं. निजामाची राजवट होती आणि मी औरंगाबादेत अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होतो. दफ्तर सगळं उर्दूत चालायचं. शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांची फिर्याद आली: ‘शीशे का मर्तबान चोरी, मय दो सर का बच्चा.’ म्हणजे काचेची बरणी चोरीला, आतल्या दोन डोक्यांच्या बच्च्यासकट. ‘बच्चा’ वाचून आमच्या जमादाराला घामच फुटला. बच्चा मेंढीचा आहे, मेलेला, स्पिरिटमध्ये ठेवलेला, हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

मी जाऊन पंचनामा केला. प्राणी ठेवायच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. साप, विंचू, वटवाघूळ आपापल्या बरण्यांत जागच्या जागी. गेली होती ती सर्वांत जुनी आणि जड बरणी, विलायती, हिरवट काचेची, घासून बसवलेल्या झाकणाची. तशी आता मिळत नाही म्हणून मुख्याध्यापक हळहळत होते. किल्ली एकट्या फराशाकडे, म्हणजे झाडलोट करणाऱ्या शिपायाकडे, असे. सगळे त्याला चाचा म्हणत. “बरणी मिळाली नाही तर याला कामावरून काढणार,” मुख्याध्यापकांनी त्याच्यासमोरच सांगितलं. चाचाच्या घरात आजारी बायको, आणि मिळवता तो एकटा.

ठाण्यावर आणून मी त्याला चहा पाजला. दमदाटीपेक्षा चहाने माणूस लवकर मोकळा होतो, असा माझा अनुभव. हा मात्र चहा पिऊन कप विसळायला उठला. शेवटी मी आवाज चढवून चोरीचं विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, “चोरी नक्को बोलो साब. उसकी मिट्टी बाकी थी.”

नोकरी चालली आहे आणि हा कसली मिट्टी घेऊन बसला? मला भयंकर राग आला. जबाबात मी लिहिलं, ‘उडवाउडवीची उत्तरं देतो.’

मग गुलमंडीवरच्या एका बांगडीवाल्याने खबर आणली. एक धनगरीण घोंगडीत मोठी बरणी गुंडाळून त्याच्याकडे आली होती. “बेचने को नहीं लाई साब. फोडे बिना ढक्कन कैसा निकलता, बस इत्ताच पूछी.” मेंढ्यांचा वाडा मुकुंदवाडीला आहे, असं ती म्हणाली होती.

मी विचारात पडलो. बरणी विकणारा झाकणाच्या मागे लागत नाही, आणि आतलंच हवं असेल तर एक दगड पुरे.

मुकुंदवाडी तेव्हा शहराबाहेरचं खेडं. मला बघून ती बाई पळाली नाही. घोंगडी उलगडून तिने बरणी पुढे ठेवली.

“कोकरू आमच्या मेंढीचं हाय, सरकार. मास्तरानं बघून वापस देतो म्हणून नेलं अन् बरणीत घातलं. त्येला माती मिळाली नाय. तवापास्नं कळपात एक बी कोकरू जगंना.”

“मग बरणी फोडली का नाहीस?”

“फोडू कशी? बरणी शाळंची हाय. मी मागाया गेले तवा झाकण निघंना, म्हणून चाचानं बरणीच सोताच्या हातानं दिली, म्हणला माती दे अन् बरणी वापस आण. फुटली तर त्येची नोकरी जाईल नव्हं?”

तिची माती आणि चाचाची मिट्टी एकच, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

मी बरणी, बाई, चाचा आणि बांगडीवाला, सगळी वरात शाळेत नेली. कोकरू नेणारे मास्तर तिथेच शिकवत होते; ते खाली मान घालून म्हणाले, “परत देतो म्हणालो होतो खरा.” बांगडीवाल्याने झाकणाभोवती गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पुन्हा पुन्हा गुंडाळलं. बऱ्याच वेळाने झाकण हळूच फिरलं. बाईने कोकरू पदरात घेतलं. रिकामी बरणी टेबलावर आली, साधा टवकाही उडालेला नाही.

न विचारता बरणी दिल्याबद्दल मुख्याध्यापकांनी चाचाला सगळ्यांदेखत चांगलं झापलं. मग फिर्याद मागे घेतली.

वाड्याजवळ खड्डा खणला. बाईने मूठभर माती टाकली आणि चाचाकडे पाहिलं. त्यानेही बिस्मिल्ला म्हणून मूठभर टाकली. परतताना त्याने मला विचारलं, “साब, कल से काम पे जाऊं?”

“हौ चाचा, वेळेवर जा,” मी म्हटलं.

पुढच्या सगळ्या नोकरीत जबाब घेताना एक नेम पाळला. माणूस जो शब्द बोलला तोच कागदावर लिहायचा, आणि तो कळला नाही तर आवाज न चढवता पुन्हा विचारायचा.