पावण्याचा अर्धा कप

निहार, ईरा,

आजोबांना जाऊन महिना झाला. परवा फोनवर निहारने विचारलं, "आजी, त्यांना तरुण माणसाचं हृदय मिळालं असतं तर ते अजून जगले असते का?" फोनवर सांगण्याइतकं ते थोडं नाही, म्हणून लिहिते आहे... क्रमाने लिहिलं की मन थाऱ्यावर राहतं.

ईरा, तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आजोबांचं हृदय थकत चाललं होतं. आमची शिरोलीची लोखंड ओतायची फाउंड्री भाच्यावर सोपवून आम्ही पुण्याच्या इस्पितळात दुसऱ्या हृदयाची वाट पाहत होतो. एका दुपारी डॉक्टर आले. एक हृदय मिळतंय, म्हणाले, पण दाता साठीकडे झुकलेला, रक्तदाबाचा त्रास असलेला, विडी ओढणारा. तरुण हृदयाइतका भरवसा देता येणार नाही. नको म्हणालात तर आणखी एखाद्याची वाट पाहू, मात्र तोवर यांचं हृदय साथ देईलच असंही नाही. आणि लगेच सांगायला हवं.

मी म्हटलं, "अहो, थांबू या. याहून चांगलं येईल."

आजोबा उशीला टेकून हसले. "डॉक्टर, आमच्यात ओतलेल्या कास्टिंगवर वरनं डाग दिसला म्हणून लगेच भंगारात टाकत न्हाय. हातोडीनं वाजवून बघतो. आत तडा नसला की चालतंय. तुमी वाजवून बघितलंय न्हवं?"

"बघितलंय. सगळ्या तपासण्या केल्यात. ठोके जोरकस आहेत."

"मग आणा की! हिचं काय ऐकताय? ही वांगी घ्यायला गेली तरी बाजार उठंस्तोवर निवडत बसती."

दात्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. कोल्हापूरला परतल्यावर आजोबा रोज सकाळी छातीवर दोन बोटांनी टकटक करायचे आणि विचारायचे, "पावणं, उठलासा काय?" डॉक्टरांनी चहा एकच कप सांगितला होता. तो संपवून ते म्हणायचे, "ह्यो माझा झाला. पावण्याला अर्धा नको व्हय? दारात आलेल्याला च्या न्हाय, असं मंगळवार पेठेत कुणाच्या घरात बघितलंस?" मी रागवायचे आणि अर्धा कप मांडायचे. ईरा, त्याच पावण्याच्या जिवावर त्यांनी तुला बारशात मांडीवर घेतलं, पुढे ते तुझ्या सायकलमागे धावले.

निहार, कदाचित जगले असते. कदाचित वाट पाहतानाच गेले असते... शेवटी वर्षानुवर्षांच्या औषधांनी मूत्रपिंडं थकली, मग छातीत संसर्ग झाला. शेवटच्या दिवशीही डॉक्टर म्हणाले, "हृदय अजून चांगलं चालतंय." मी छातीवर हात ठेवून पाहिलं. पावणा जागाच होता, यजमान थकला होता.

सकाळी चहा टाकताना माझा हात अजून अर्धा कप पाणी जास्त ओततो. कप त्यांच्या जागेवर मांडते, थोडा वेळ समोर बसते, मग मीच पिते. तेवढं राहिलं आहे.