कुरडयांशेजारी वाळवलेली रेकॉर्ड

आमच्या कुंडलच्या घरात गाण्यांची एकच रेकॉर्ड आहे आणि ती भाजलेल्या पापडासारखी आहे.

ती आणली माझ्या धाकट्या भावानं, दत्तानं. तो फौजेत हवालदार. सुट्टीवर येताना बाकीचे जवान ब्लँकेटं आणतात, सुकामेवा आणतात. आमचे हवालदार शिलाँगहून इंग्रजी रॉकची काळी तबकडी छातीशी धरून आले! तीन गाड्या बदलून आले, पण तबकडीला धक्का नाही. (खांदा मात्र दुखावला होता.) कव्हरवर एक नारिंगी ट्रक आणि त्याला टेकलेली चार पोरं. लांब कल्ले, पायात घोळदार पँटी. मला वाटलं, आमच्या वडिलांच्या वेळचा बँड.

"न्हाई रं दादा, ही आत्ताची पोरं हायत. पंचविशीतली. मुद्दाम जुन्यावानी वाजीवल्यात. मागं खरखर ऐकशील न्हवं? ती बी मुद्दाम घातलीया!"

"खरखर मुद्दाम? आपल्या रेडिओला ती फुकट यायची की!"

तेव्हा हसलो खरा, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर ती गाणी ऐकली आणि कामातून गेलो. आधी ऑर्गन येतो, पहाटेच्या धुक्यासारखा. मग उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरसारखी गिटार. ड्रमवाला तर नक्की मागच्या जन्मी हलगी वाजवत असणार. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात गाणारा पोरगा आवाज चढवत चढवत नेतो आणि एका जागी सगळी वाद्यं थांबतात. तो एकटाच उरतो. तिथं माझ्या अंगावर दरवेळी काटा यायचा. शब्द एक कळत नव्हता!

घरात प्लेअर नव्हता. गाणी मोबाइलवर ऐकायची आणि रेकॉर्ड भिंतीवर टांगायची, असा बेत ठरला. "ऊस गेला की प्लेअर आणू," दत्ता म्हणायचा. तो पेन्शनवर आला, ऊस दोनदा गेला, प्लेअर काही आला नाही. तोवर ते तिसरं गाणं तो स्वतःच म्हणायचा. गोठ्यात, बांधावर, मोटर चालू करताना. आवाज त्या पोरासारखाच चढवायचा, फक्त वर गेल्यावर तो सुटायचा आणि दोर तुटलेल्या बादलीसारखा खाली यायचा.

"गप रं मुडद्या!" आई गोठ्यातून ओरडायची. "म्हशीनं पान्हा चोरला तुझ्यापायी!"

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तो मोटर चालू करायला गेला आणि बांधावरच बसला. हृदय. त्या दिवसापासून म्हैस बिनबोभाट दूध देते.

वर्षश्राद्ध आलं. पानावर कुणी काय वाढायचं ते ठरलं. बहिणीनं झुणका, आईनं पुरणपोळी, सुनंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेंगदाण्याची चटणी. मी जाहीर केलं, "मी ती रेकॉर्ड वाजवणार. खऱ्या प्लेअरवर." ती आजवर एकदाही वाजली नव्हती. त्याचं एवढं एकच राहिलं होतं, आणि ते मला करायचं होतं. जुन्या रेकॉर्डींचा नाद असलेल्या सांगलीच्या कुलकर्णीकाकांकडून प्लेअर मागून आणला. "सुई जपा हो गुरुजी," त्यांनी दारापर्यंत येऊन बजावलं.

प्लेअर घेऊन घरी पोचलो तर भिंतीवरचा खिळा मोकळा.

श्राद्धाआधी आमच्याकडे घर धुऊन काढतात आणि घरातलं असेल नसेल ते उन्हात टाकतात. धावत गच्चीवर गेलो. गाद्या होत्या, दत्ताचे युनिफॉर्म होते, कुरडयांचं धोतर पसरलं होतं आणि कुरडयांच्या शेजारी एका पालथ्या पातेल्यावर ती रेकॉर्ड होती. वैशाखाचं ऊन! तिनं पातेल्याला मिठी मारली होती. उचलली तर हातात द्रोण आला.

"आई! हे कुणी केलं?"

"मी. कोंदाट वास यायला लागला हुता तिला. माझ्या लेकाची वस्तू हाय, बुरशी धरू दिऊ व्हय? पातेल्यावर ठिवली, म्हंजी खालनं बी वारं लागंल." मग माझ्या तोंडाकडं पाहून तिचा आवाज बारीक झाला. "का रं? बिगाडली का?"

"छे छे," मी म्हणालो. "शास्त्र आहे त्याला. गरम केली की सरळ होते."

(मी सांगलीच्या शाळेत आठवीला 'उष्णता' हा धडा शिकवतो. माझ्या शब्दाला घरात वजन आहे. म्हणजे होतं.)

रेकॉर्ड पुन्हा उन्हात तापवली. दोन पाटांच्या मध्ये घातली. वर दत्ताची फौजेतली काळी ट्रंक ठेवली, ट्रंकेवर दळणाचं पोतं. तरी पाट हलतच होते, म्हणून शेवटी पोत्यावर मी स्वतः चढून बसलो! डोक्याला टॉवेल, कडेला कुरडया. तेवढ्यात सुनंदा युनिफॉर्म उचलायला वर आली.

"भावजी, आवं काय करताय?"

"दाब देतोय."

ती हसायला लागली. वर्षभरात आम्ही तिचं हसणं ऐकलं नव्हतं. पोट धरून हसली, आणि हसता हसता तो युनिफॉर्म तोंडाशी धरून तिथंच खाली बसली. मला उतरता येईना. उतरलो असतो तर दाब गेला असता. दोघंही बसून राहिलो. मी पोत्यावर, ती कुरडयांपाशी.

संध्याकाळी पाट काढले. द्रोण गेला होता. पापड झाला होता!

दुसऱ्या दिवशी विधी झाला, पानं वाढून झाली. प्लेअर दत्ताच्या खुर्चीवर ठेवला. सोप्यात पाहुणे दाटीवाटीनं बसलेले. मी दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं शोधून सुई टेकवली. सुई खड्ड्यांतल्या उसाच्या ट्रॉलीसारखी वर-खाली व्हायला लागली. ऑर्गनला हिवताप भरला. गिटार रडकुंडीला आली.

"बॅटरी उतरलीया काय?" एका पाहुण्यानं विचारलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. भावाचं एकच राहिलेलं काम आणि त्याचं मी हे केलं! बंद करायला हात पुढं केला तेवढ्यात गाणाऱ्या पोराचा आवाज चढायला लागला. चढला, चढला, वाद्यं थांबली. आणि ऐन वर गेल्यावर तो सुटला. दोर तुटलेल्या बादलीसारखा खाली आला.

स्वयंपाकघरातून आई तशीच बाहेर आली. हाताला पुरण.

"सुनंदा," ती म्हणाली, "त्यो असाच म्हणायचा न्हवं गं?"

"असंच, आत्या. डिट्टो."

तेवढ्यात मागं गोठ्यात म्हैस जोरात ओरडली.

"बघा," आईनं पदर डोळ्याला लावला. "तिनं बी वळखलं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "परत लाव रं."

मी परत लावलं. सुई मोडेपर्यंत लावलं.

प्लेअर परत द्यायला गेलो. नवी सुई खिशात होतीच. काकांनी रेकॉर्ड हातात घेतली आणि उजेडाकडं आडवी धरली.

"अरेरे! पण जीव थोडा करू नका गुरुजी. माझ्या ओळखीचा एक जण आहे. हीच नवी कोरी मागवून देतो."

"सरळ असेल का हो ती?"

"म्हणजे काय! आरशासारखी."

"मग नको," मी म्हणालो. "वाकडी मिळाली तर बघा."

काकांनी रेकॉर्ड माझ्या हातात परत ठेवली, चष्मा काढला आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "शाळेत तुम्ही कोणता विषय शिकवता म्हणालात?"

मी "चित्रकला" म्हणून सांगितलं आणि निघालो.