बेहेडपाड्याचा बिनहुकमी बंधारा

आमच्या कुंभेरी ग्रामपंचायतीचा भोंगा पंचायतीच्या गच्चीवर, माझ्या पडवीच्या बरोबर समोर बसवलाय. त्यामुळे सरकारी शहाणपण गावात सर्वांत आधी माझ्या कानात ओतलं जातं. त्या भोंग्यातला आवाज कमळूचा. कमळू पंचायतीचा शिपाई, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सातवी. एकवीस वर्षं झाली, पाण्याचा व्हॉल्व्ह तोच सोडतो, ऑफिस तोच झाडतो, झेंडा तोच चढवतो आणि तालुक्याहून आलेला कागद तोच वाचतो.

थंडी पडली की कागदांना नुसता ऊत येतो. "वृद्धांनी पहाटे घराबाहेर पडू नये. उबदार कपडे वापरावेत. कोमट पाणी प्यावे. शेकोटी विझवूनच झोपावे." हे लिहिणाऱ्याच्या घरी गिझर असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कमळू राहतो तो बेहेडपाडा गावापासून अर्ध्या तासाच्या चढावर. तिथं उबदार कपडे म्हणजे म्हसा गावच्या जत्रेत घेतलेली एक घोंगडी आणि तिच्याखाली तीन माणसं. शेकोटी विझवली तर सकाळी उठणार कोण? पण कमळू काना-मात्रा न सोडता वाचतो. वाचताना त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही.

या कागदांत दरवर्षी एक बंधाऱ्याचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची, ओहळात आडव्या रचायच्या आणि पळणारं पाणी अडवायचं. गोष्ट चांगली आहे. फक्त हुकूम येतो डिसेंबर सरता सरता. तोवर ओहळ करंगळीएवढा झालेला असतो, आणि भात झोडून झालं की दिवाळीनंतर वीटभट्टीवाल्यांचे टेम्पो येऊन पाड्यातली धडधाकट माणसं भिवंडीकडे घेऊन गेलेली असतात. मागं राहतात म्हातारे आणि कमळूची बायको ठकी धरून दहा-अकरा बाया. मग श्रमदान कोण करणार? चार गोण्या रस्त्यालगतच्या मोरीपाशी टाकायच्या, कारण तिथं गाडी जाते आणि मोबाइलला रेंज असते. फोटो काढला की झाला बंधारा. फेब्रुवारीपासून ठकी आणि बाकीच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन खालच्या विहिरीपर्यंत उतरतात आणि तोच चढ पुन्हा चढतात. एकवीस वर्षं कमळू भोंग्यावर पाणी जपून वापरायला सांगतो, आणि घरी त्याची बायको गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसते.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा खरखरला. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, शासनाच्या आदेशानुसार उद्या सकाळी बेहेडपाडा ओहळावर बंधारा बांधण्यात येणार आहे. प्रत्येक घरातून एका माणसाने फावडे व घमेले घेऊन हजर राहावे." मी चहा प्यायचा थांबलो. शासन आणि वेळेवर? म्हटलं, ग्रहण लागलं की काय!

नंतर कळलं, कागद गेल्या वर्षीचा होता. कमळूनं तारीख आणि जागा तेवढी बदलली. हुकूम दरवर्षी तोच येतो, तर दरवर्षी त्याची वाट कशाला बघायची, असा त्याचा साधा हिशोब. टेम्पो यायला दोन दिवस होते. पाड्यातले तीस-पस्तीस हात सापडले, गावातलेही दहा-बारा गेले. गोण्या पंचायतीच्या खोलीत पडून होत्या आणि खोलीची किल्ली कमळूच्याच कंबरेला होती. संध्याकाळपर्यंत छातीएवढा बंधारा उभा राहिला. आठवड्यात ओहळ पार पाड्यातल्या घरांजवळच्या खडकापर्यंत तुंबला.

डिसेंबरअखेर खरा हुकूम आला. आमचे ग्रामसेवक संदेश भाऊसाहेब वाशिंदहून मोटारसायकलवर येतात आणि हेल्मेट काढून होईतो त्यांची निघायची वेळ होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की बंधारा झालाय. माणूस खूश झाला. मोबाइल घेऊन पाड्यावर गेला आणि तोंड पाडून परत आला.

"कमळू, अॅपमध्ये तीन फोटो टाकायचे असतात. कामाच्या आधीचा, काम चालू असतानाचा, नंतरचा. आधीचा कुठून आणू?"

"आधी तिथं काय नव्हतं, भाऊसाहेब."

"तेच तर पाहिजे! काय नाही त्याचा फोटो!"

आमच्या सरपंच वैष्णवीताई. त्यांना स्वयंपाकघरातून फुरसत मिळत नाही म्हणून त्यांची खुर्ची त्यांचे यजमान किशोरशेठ थंडीभर उबदार ठेवतात. खुर्चीतूनच त्यांनी तोडगा काढला. "फोडा की. फोटो काढा, परत बांधा. दोन तासांचं काम."

"परत बांधणार कोण, शेठ? मानसं भट्टीवर गेलीत. आन् आता गेलेलं पानी परत भरायचं नाय. ओहळाला धार नाय उरली."

"ते बघू नंतर. फोटो नाय टाकला तर पंचायतीचं काम शून्य दिसेल. तू फक्त भोंग्यावर सांग, उद्या नऊला श्रमदान."

'ते बघू नंतर' हे वाक्य मी या पंचायतीत इतक्यांदा ऐकलंय की कधी कधी वाटतं, गावाच्या कमानीवर तेच कोरून टाकावं. पडवीत बसून मी दात-ओठ खात होतो. पण खरं सांगायचं तर उठून जाऊन चार शब्द सुनावायचं धाडस मलाही झालं नाही. आमच्या घरात नळ आहे.

संध्याकाळी कमळूनं भोंगा लावला. आवाज रोजचाच, सपाट. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, उद्या सकाळी नऊ वाजता बेहेडपाड्याचा बंधारा फोडण्यात येणार आहे. कारण, बंधारा नसल्याचा फोटो काढायचा आहे. फोडल्यावर पाणी वाहून जाईल. बंधारा परत कधी बांधणार, ते बघू नंतर. हुकमावरून." खाली चहाच्या टपरीवर हशा पिकला. पाड्यावर मात्र कुणी हसलं नाही.

सकाळी मीही गेलो, काल न गेल्याची लाज होती म्हणून. किशोरशेठ, भाऊसाहेब आणि पहारी घेतलेले दोन गडी आले, तेव्हा बंधाऱ्यावर अकरा बाया आणि सात-आठ म्हातारे ओळीनं बसले होते. वृद्धांनी पहाटे बाहेर पडू नये, ही सूचना साफ धुडकावून. घोंगड्या गुंडाळलेल्या, पुढं शेकोटी. ठकी मधोमध.

"काढा फोटो," ती म्हणाली. "आमी हलत नाय. पहार मारायची तर आमच्यावं मारा."

किशोरशेठनी गड्यांकडे पाहिलं. त्यातल्या एकाची आई त्या ओळीत बसली होती. त्यानं पहार खाली ठेवली आणि तो तिच्या शेकोटीत काटक्या घालू लागला.

सरकारी माणसाला वाट मात्र सापडतेच. भाऊसाहेब ओहळातून शंभर पावलं खाली उतरले. पाणी वर अडल्यामुळे तिथं कोरडे गोटे होते. तो झाला 'आधी'चा फोटो. बायांच्या हातात रिकाम्या गोण्या देऊन 'काम चालू' झालं. शेवटी बंधाऱ्यासमोर किशोरशेठ फावडं धरून उभे राहिले. फावडं उलटं धरलंय हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. मी तर मुळीच नाही.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत वेळेत बंधारा बांधल्याबद्दल तालुक्याचं प्रशस्तिपत्र आलं. शाल किशोरशेठच्या खांद्यावर पडली. दुसऱ्याच दिवशी शिपाई कमळूला नोटीस निघाली : परवानगीशिवाय सूचना दिली, परवानगीशिवाय गोण्या वापरल्या, सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. आणि भाऊसाहेबांनी सवयीनं तिच्यावर शेरा मारला, 'ध्वनिक्षेपकावरून प्रसिद्ध करावे.' ते मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही.

म्हणून कमळूनं स्वतःची नोटीस स्वतःच वाचली. माझ्या पडवीसमोर, त्याच सपाट आवाजात, जावक क्रमांकापासून सहीपर्यंत. कामावरून कमी करण्याचं वाक्यही घाई न करता वाचलं. मग भोंगा बंद व्हायच्या ऐवजी नुसताच खरखरत राहिला, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यातून कमळू स्वतःचं बोलला.

"खुलासा. फेब्रुवारी लागंल आता. ठकीचा हंडा घरापासनं वीस पावलांवं भरतो."