पंखा बंद ठेवा

"सायकल चालवणारे सगळे जिवंत असतात, आणि माझं काम मेलेल्यांशी आहे," असं ती एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती जिन्यात. हातात निळा डबा, पायाशी पुठ्ठ्याचं खोकं आणि समोर तिचा मोठा भाऊ, पोटावर ताणून बसलेला पिवळा टी-शर्ट घालून. "या वर्षी तरी फेरीत ये," असं त्यानं म्हटलं होतं. हे उत्तर देऊन तिनं खोक्यावरून पाय टाकला आणि ती वर गेली. भाऊ खाली उभा राहून हसला. त्याला तो विनोद वाटला. स्वतःचा अपमान ओळखायलाही थोडी अक्कल लागते.

ती नेत्रपेढीत तंत्रज्ञ होती. कुणी गेलं आणि घरच्यांनी फोन केला, की सहा तासांच्या आत तिथं पोचायचं, दोन सह्या घ्यायच्या, लोकांना खोलीबाहेर काढायचं आणि दार लावायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. डोळा उपटत नाहीत, पुढची पारदर्शक चकती तेवढी काढतात, हे तिला दर घरी नव्यानं सांगावं लागे. "घड्याळाची काच काढतात ना, तसं. चेहऱ्याला काही होत नाही." मग दार उघडायचं, बर्फात ठेवलेल्या दोन बाटल्या निळ्या डब्यात घालून निघायचं. कुणी चहा विचारला तर नको म्हणायचं. अठरा वर्षांत तिनं लोकांच्या घरातल्या इतक्या आतल्या खोल्या पाहिल्या होत्या, की भिंतीच्या रंगावरून तिला कळायचं, इथं रडणं खरं आहे की पाहुणे यायची वाट बघतंय.

घड्याळाच्या काचेची उपमा तिच्या वडिलांची होती. ते घड्याळं दुरुस्त करत. एका डोळ्यावर भिंग लावून दिवसभर बसत आणि म्हणत, "यंत्र चांगलं असतं गं. काचेवर ओरखडे पडतात आणि लोक घड्याळ फेकून देतात." मुलगी नेत्रपेढीत लागली तेव्हा घरात एकट्या त्यांनाच ते काम नीट समजलं होतं.

ते गेले तेव्हा तिनं काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं आहे असं तिला वाटलंच नाही. त्यांनी शंभरदा सांगून ठेवलं होतं. तिनं त्यांच्या पापण्या मिटल्या, ओला कापूस ठेवला, डोकं उशीवर उंच केलं, पंखा बंद केला आणि पेढीला फोन करायला बाहेर गेली. परत आली तेव्हा पंखा चालू होता. कापूस जमिनीवर होता. बटणाखाली भाऊ उभा होता.

"त्यांना गुदमरतंय," तो म्हणाला.

"दादा, ते गेलेत."

"गेले म्हणून काय उकडत नाही का? आणि हे डोळ्यांचं मला सांगू नकोस. वर जाऊन आंधळ्यासारखे चाचपडत बसू देत का त्यांना?"

घरातल्या एकाचाही विरोध असला तर पेढी डोळे घेत नाही; सही मोठ्या मुलाचीही लागणार होती. त्यानं केली नाही. सहा तास ती पायरीवर बसून होती, आत पंखा फिरत होता. वडील आपले दोन्ही डोळे घेऊन गेले. ते कुणाच्याही उपयोगाला आले नाहीत, वर काही दिसलं असेल तर तेवढंच.

त्यानंतर बहीण-भाऊ एकाच घरात राहिले. खाली तो आणि वहिनी, वर दोन खोल्यांत ती. त्या दुपारविषयी ती एक अक्षर बोलली नाही. वहिनी मात्र बोलायची. घरी कुणी आलं की हिच्याकडे हनुवटी करून म्हणायची, "हिच्याकडे नीट बघू नका हं. डोळे मागेल." भांडी झिजली, जिना झिजला, हा विनोद झिजला नाही.

भाऊ नळ आणि फरशा विकायचा. पन्नाशीला त्याची साखर वाढली. डॉक्टर म्हणाला, चाला किंवा सायकल चालवा. चालणाऱ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्यानं सायकल घेतली. मग ध्यानात आलं की एकट्यानं चालवलेल्या सायकलीकडेही कुणी बघत नाही, म्हणून त्यानं मंडळ काढलं. मंडळाला विषय हवा होता. झाडं एका मंडळाकडे होती, पाणी दुसऱ्याकडे, रक्त तर केव्हाच कुणी धरून ठेवलेलं. अवयवदान मोकळं होतं.

अशा रीतीनं ज्या माणसानं बापाच्या डोळ्यांवरचा कापूस फेकला, तो अवयवदानाच्या जनजागृती सायकल फेरीचा अध्यक्ष झाला. त्यात त्याला काही अवघडल्यासारखं झालं असं मानू नये. अवघडायला आठवण लागते. त्याच्याजवळ फोटो होते. टी-शर्टच्या पाठीवर मूत्रपिंड, यकृत, हृदय, त्वचा, डोळे अशी यादी छापलेली होती, खानावळीच्या फळ्यासारखी. ते घालून दोनशे माणसं वर्षातून एका रविवारी सकाळी शहराला वळसा घालत. त्यांच्या मांड्यांना रग लागे आणि ती रग म्हणजेच त्याग, असं त्यांना वाटे. वाटेत कार्डं वाटत. कार्डावर नाव लिहायचं, सही करायची, झालं संकल्पपत्र. संध्याकाळी आकडा जाहीर व्हायचा. एवढे संकल्प. संकल्प करणाऱ्यांनी घरी सांगितलं का, घरच्यांना मान्य आहे का, हे कोण विचारतो? फेरीला घाई असते.

ती हे सगळं वरच्या खिडकीतून बघायची. कार्डांचं खोकं दर वर्षी महिनाभर जिन्यात पडलेलं असे आणि रोज येता-जाता ती त्याच्यावरून पाय टाकायची. सात वर्षांत तिनं त्यातलं एकही कार्ड उचलून वाचलं नाही. वाचणं म्हणजे किंमत देणं, असं ती मनाशी म्हणायची. तुच्छतेलाही एक आळस असतो, आणि तो इतर आळसांपेक्षा वेगळा नसतो.

आठव्या वर्षी तिला जावं लागलं. पेढीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई प्रमुख पाहुण्या होत्या आणि सगळ्यांनी यायचं असा निरोप होता. फेरी संपून समारंभ शाळेच्या सभागृहात. अकरा वाजायला आले होते. ती मागच्या रांगेत बसली, निळा डबा खुर्चीखाली. पेढीचा फोन त्या रविवारी तिच्याकडे होता. सकाळपासून वाजला नव्हता. कधी कधी असा दिवस जातो, लोक मरत नाहीत, किंवा मरतात आणि कुणाला सुचत नाही.

शेजारी येऊन वहिनी बसली. डब्याकडे पाहून तिनं पाय आत ओढले.

"रिकामाच आहे ना गं?"

"रिकामा आहे. हत्यारं आणि बाटल्या तेवढ्या आहेत."

"इथं तरी आणायचा नाहीस. लोकांना वाटतं जेवणाचा आहे."

व्यासपीठावर कुणीतरी निरोगी हृदयाविषयी बोलत होतं. माणूस लठ्ठ होता आणि धापा टाकत होता. भाऊ मधल्या खुर्चीत, गळ्यात पदक, गुडघ्यावर सायकलचं हेल्मेट, जणू ते उतरवून ठेवलं तर कुणी विसरेल. वहिनीच्या पर्समध्ये काहीतरी थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं.

"हा मेला फोन," वहिनी पुटपुटली. "तुझ्या दादांचा. वर वाजायला नको म्हणून माझ्याकडे दिलाय. सकाळपासून एक बाई हात धुऊन मागे लागलीय. म्हणते, डोळे घेऊन जा."

तिनं मान वळवली. "काय म्हणते?"

"अगं, तिचे वडील गेलेत म्हणे. मी नीट सांगितलं, आत्ता कार्यक्रम चालू आहे, जेवणं झाली की करा. तरी आपलं चालूच."

"तिच्याकडे दादाचा नंबर कुठून आला?"

"कार्डावर असतोच की. अधूनमधून येतात असे फोन. तुझे दादा म्हणतात, पेढीला कळवायला पाहिजे. मग राहून जातं."

प्रत्येक खुर्चीवर एक कार्ड ठेवलेलं होतं. ती तिच्या कार्डावर बसली होती. तिनं ते काढून उलटं केलं. मागच्या बाजूला चार ओळी होत्या. मृत्यूनंतर पापण्या मिटा. डोळ्यांवर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी घेऊन डोकं उंच करा. पंखा बंद ठेवा. त्या तिच्याच ओळी होत्या, पेढीच्या पत्रकासाठी तिनं लिहिलेल्या, अक्षराला अक्षर. खाली जिथं पेढीचा नंबर असायचा तिथं, जरा ठळक टाइपात, अध्यक्षांचा होता.

पर्स पुन्हा थरथरली. तिनं ती वहिनीच्या मांडीवरून उचलली आणि आतला फोन काढला.

"अगं, अगं!"

"मी नेत्रपेढीतून बोलतेय," ती फोनमध्ये म्हणाली. "किती वाजता गेले?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला, रडून झालेला. "सात चाळीसला. खरंच पेढीतून ना? मगाशी एक जण म्हणाल्या, जेवणानंतर."

"खरंच. पत्ता सांगा."

"पुलाच्या अलीकडे बेकरी आहे ना, तिच्यावर दुसरा मजला."

शाळेपासून चालत दहा मिनिटं. "फेरी तिथूनच गेली असेल," ती म्हणाली.

"गेली ना. मी तेव्हा हाच नंबर लावत होते. लागेना. मग गॅलरीत जाऊन कार्ड हलवलं, ओरडले, वर या म्हणून. सगळ्यांनी हात केले. एकानं फोटो काढला."

आजूबाजूला टाळ्या पडल्या.

"हॅलो? आहात ना, ताई? ते कार्ड बाबांचंच आहे. गेल्या वर्षी फेरी आली तेव्हा जिने उतरून गेले भरायला, गुडघे दुखत होते तरी. फ्रिजवर लावून ठेवलं होतं, आम्हाला सगळ्यांना दाखवलं. मागे लिहिलंय तसं केलंय मी. कापूस ठेवलाय, दर थोड्या वेळानं ओला करतेय. दोन उश्या दिल्यात. पंखा बंद आहे."

"चांगलं केलंत."

"पण काका ऐकत नाहीत. दोनदा लावायला आले. म्हणतात, माणसाला जाताना तरी वारा लागू दे. बारा वाजता गाडी येतेय न्यायला, सगळे म्हणतायत, आता राहू दे, कोणी येत नाही. तुम्ही याल ना? मी बटणाजवळच उभी आहे मगापासून."

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"हलू नका तिथून," ती म्हणाली. "मी निघाले."

तिनं भावाचा फोन स्वतःच्या खिशात टाकला आणि खुर्चीखालून डबा ओढला. वहिनी म्हणाली, "अगं फोन! आणि आत्ता कुठं? आता तुलाच वर बोलावणार आहेत, सत्कार ठेवलाय तुझा, तुझ्या दादांनी मुद्दाम—"

खरंच ठेवला होता. व्यासपीठावर भाऊ उठला, त्यानं माइक हातात घेतला आणि घसा साफ केला. "मित्रहो, दान घरातून सुरू होतं," तो म्हणाला. "माझी धाकटी बहीण गेली अठरा वर्षं हे पवित्र काम करतेय. आमच्या वडिलांचेच संस्कार." वडील म्हणताना त्याचा आवाज भरून आला. खोटा नव्हता तो, हे त्यातलं सगळ्यात किळसवाणं. "ये गं, वर ये."

ती मधल्या वाटेनं निघाली, पण व्यासपीठाला पाठ करून. लोक मागे वळून बघायला लागले.

"अगं, इकडे, इकडे!" माइकमधून भाऊ हसला. "लाजतेय. घरी पण अशीच आहे."

सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या, आणि ती दाराकडे जात राहिली तशा वाढत गेल्या, बहुधा तिला विनय आहे असं समजून.

दाराजवळच्या टेबलावर पाहुण्यांसाठी सरबताच्या बाटल्या होत्या, एका मोठ्या टबात, बर्फात खुपसलेल्या. ती थांबली. डबा टेबलावर ठेवून तिनं झाकण उघडलं. एक एक बाटली काढून तिनं पांढऱ्या टेबलक्लॉथवर आडवी केली आणि दोन्ही हातांनी बर्फ उपसून डब्यात भरला. पिवळ्या टी-शर्टातला एक जण धावत आला. "मावशी, काय हवंय, मी देतो ना. अहो, पाहुण्यांचं आहे ते." एक बाटली घरंगळून खाली पडली आणि फुटली. टाळ्या विस्कळीत झाल्या, मग थांबल्या.

व्यासपीठावर भाऊ दुसरं पदक दोन्ही हातांत धरून उभा होता. "अगं, झालं काय?" त्यानं माइक न विसरता विचारलं. मागच्या रांगेतून वहिनी खुणेनं त्याला काहीतरी सांगत होती, कानाशी मूठ धरून. त्याला समजत नव्हतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वडील गेल्यापासून अकरा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं त्याला आता सभागृह होतं, माणसं होती, माइकही होता. छताला टांगलेले आठही पंखे पूर्ण वेगात फिरत होते. तिनं डब्याचं झाकण लावलं, ओले हात कपड्यांना पुसले आणि ती दाराबाहेर पडली.